यंदा किती फूट?

डिसेंबर लागला की साताऱ्याहून भाऊजींचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नंतर, पहिला प्रश्न ठरलेला. ‘काय वहिनी, यंदा किती फूट?’ जणू आम्ही इथं बर्फाची शेती करतो आणि पीकपाणी कसं आहे ते विचारताहेत. मीही त्याच थाटात सांगायची, ‘अजून पेरणी चाललीय भाऊजी, खरं पीक जानेवारीत.’ मागून जाऊबाईंचा आवाज यायचा, ‘किती मज्जा असेल ना! अगदी सिनेमातल्यासारखं!’

जवळजवळ तीस वर्षं हा संवाद असाच चालला. २०२२ च्या डिसेंबरनंतर मात्र भाऊजींनी तो प्रश्न विचारणं सोडलं.

आम्ही राहतो बफेलोजवळ. न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. आमचं बफेलो त्याच राज्यात असलं तरी त्या शहरापासून मोटारीनं सहा-सात तास लांब, ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला, कॅनडाच्या सीमेला चिकटून. नायगारा धबधबा घरापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुण्यांना तोटा नाही. नोव्हेंबर ते मार्च मात्र आमच्याकडे कुणी फिरकत नाही. वर्षाला सरासरी ९५ इंच, म्हणजे आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. तोही शहाण्यासारखा रोज थोडा थोडा पडत नाही.

या बर्फाचा कारखाना म्हणजे ते सरोवर. थंडी सुरू होते तेव्हा हवा गोठणबिंदूच्या खाली उतरलेली असते, पण एवढं मोठं पाणी उन्हाळ्याची ऊब पोटात धरून असतं. पश्चिमेकडून येणारा गार, कोरडा वारा सरोवराच्या लांबीवरून वाहत येतो, वाटेत वाफ पिऊन घेतो आणि काठाला लागला की तीच वाफ बर्फ करून ओततो. पण सगळीकडे नाही. ढगांचा एक अरुंद पट्टा तयार होतो आणि तो ज्यांच्या डोक्यावर ठाण मांडेल त्यांचं नशीब. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. महाबळेश्वर पावसात बुडालेलं असतं तेव्हा माण-खटावात टँकरची वाट पाहत असतात. २०१४ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच ते सात फूट बर्फ पडला, छपरं खचली, महामार्गावर गाड्या अडकल्या. नायगारा विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ बसमध्ये एका दिवसाहून जास्त काळ अडकून पडला होता. तेव्हा आम्ही उत्तरेकडच्या उपनगरात काही इंच बर्फ झाडून, चहा घेत, टीव्हीवर ते पाहत होतो. माझ्यात जो एक फाजील आत्मविश्वास आला, तो बहुधा तिथून.

तसं मला गाडी चालवायला कुणी शिकवलं हे आधी सांगायला हवं. साताऱ्यात मी लुना चालवत असे. १९९४ च्या जानेवारीत, इथं येऊन जेमतेम चार महिने झाले होते, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला हाताशी धरलं. त्यांचं आयुष्य लॅकवानाच्या पोलादाच्या कारखान्यात गेलेलं. १९८३ मध्ये तिथलं पोलाद बनवणं थांबलं आणि आजोबा घरी बसले. रविवारी सकाळी त्यांनी मला एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं. रात्रभर बर्फ पडून त्या मैदानाची चादर झालेली. ते म्हणाले, ‘वीसचा वेग घे आणि ब्रेक मार. जोरात.’ मी मारला. गाडी थांबण्याऐवजी भिंगरीसारखी फिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. माझ्या पोटात गोळा. आजोबा शांतपणे म्हणाले, ‘छान. आता पुन्हा.’

असं दहा वेळा केलं. घसरणं हे अंगाला ओळखीचं झालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मागची चाकं ज्या बाजूला पळतील त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचं. मन नेमकं उलट सांगत असतं. पुढच्या गाडीपासून एरवीच्या तिप्पट-चौपट अंतर. तेव्हाच्या गाडीत ब्रेक थोडा दाबून सोडावा लागे. आताच्या गाड्यांत एबीएस असतं, पाय दाबूनच ठेवायचा, पायाखाली घरघर झाली तरी घाबरून उचलायचा नाही. पुलावर आधी बर्फ धरतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो. आणि ज्याला इथं काळा बर्फ म्हणतात तो काळा नसतोच. तो इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचं डांबर दिसतं. ओला रस्ता समजून माणूस निर्धास्त जातो आणि पुढे काय होतं ते खड्ड्यात गेल्यावर कळतं. रस्त्यावर मीठ टाकतात, पण उणे दहाच्या खाली पारा गेला की साधं मीठ फारसं काम करत नाही. गाडीचा पत्रा मात्र ते कुठल्याही तापमानाला खातं.

घरातलं निराळंच. सकाळी उठून गाडी उकरून काढायची. काचेपुरतं खरवडून निघणारा माणूस इथं असंस्कृत समजला जातो. टपावरचा बर्फही काढावा लागतो, नाहीतर तो वेगात मागच्याच्या काचेवर जाऊन आदळतो. घरासमोरची वाट मोकळी करायची, पाठ धरून आत यायचं, चहा टाकायचा, आणि तेवढ्यात नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरून जातो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ तुमच्या वाटेच्या तोंडाशी भिंतीसारखा रचून ठेवतो. तोही साधा नाही, दगडासारखा. त्या क्षणी नवऱ्याच्या तोंडून जे अस्सल सातारी शब्द निघतात ते इथं कुणाला कळत नाहीत हे बरं. वयस्कर माणसांनी हे फावडं हातात घेऊच नये असं डॉक्टर बजावतात, कारण गारठ्यात एकदम एवढं जड उचललं की हृदय दगा देतं. भिंतीतून बाहेर आलेला भट्टीचा पाइप बर्फाखाली गेला की विषारी धूर घरात फिरतो, म्हणून तो मोकळा करायचा. नळ रात्रभर थेंब थेंब गळता ठेवायचा, नाहीतर भिंतीतली नळी फुटते. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा खिडकीतून हे सगळं पाहून म्हणाल्या होत्या, ‘तिकडं रोज सडा घालायचा, इकडं रोज अंगण उकरायचं. बाईच्या जातीला अंगण काही सुटत नाही.’

गाडीच्या डिकीत नोव्हेंबरमध्ये एक खोकं जातं ते एप्रिलमध्ये बाहेर येतं. छोटं फावडं, वाळूची पिशवी, विजेरी, मेणबत्ती-काडेपेटी, पाणी, गुळाची चिक्की आणि आईनं शिवलेली एक वाकळ. एवढ्या ऊबदार ब्लँकेटांच्या देशात जुन्या लुगड्यांची वाकळ डिकीत ठेवते म्हणून नवरा हसायचा.

हे खोकंही आजोबांचीच शिकवण. त्यांनी १९७७ पाहिलं होतं. त्या वर्षी सरोवर डिसेंबरातच गोठलं होतं आणि त्यावर भुसभुशीत बर्फ साचून राहिला होता. २८ जानेवारीला वारा सुटला आणि त्यानं तो सगळा उचलून शहरावर आणून टाकला. आभाळातून नवा बर्फ पडला फूटभरच. पण घरांच्या छपरांपर्यंत ढीग लागले. आजोबा चार दिवस कारखान्यातच अडकले होते. काही माणसं आपापल्या गाडीतच गेली. ‘गाडी दिसते, माणूस दिसत नाही,’ एवढंच ते म्हणायचे. म्हणजे, अडकलीस तर उतरून चालू लागू नकोस. इथल्या महापौरांचा, जिमी ग्रिफिन यांचा, १९८५ च्या वादळातला सल्ला अजून गमतीनं सांगतात: घरात बसा, बिअरचे सहा डबे जवळ घ्या आणि फुटबॉलचा सामना बघा. आजोबांना तो माणूस फारसा आवडत नसे, पण या बाबतीत ते म्हणायचे, ‘एवढं एक बरोबर बोलला.’

आजोबा २०१७ मध्ये गेले. २०२२ मध्ये ते असते तर मला निघूच दिलं नसतं.

त्या वर्षी २२ डिसेंबरला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. घरी उद्यापन होतं. पाच जणी जेवून गेल्या. बाहेर चक्क पाऊस पडत होता, स्वेटर पुरेल अशी हवा. एका पिढीत एकदा येतं असं वादळ येणार, हे हवामान खातं तीन-चार दिवसांपासून सांगत होतं. आम्ही किराणा भरला होता, मेणबत्त्या काढून ठेवल्या होत्या. शुक्रवारी सकाळी भांडी आवरताना औषधाच्या दुकानाचा निरोप आला, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तयार आहेत. मी खिडकीतून पाहिलं. पावसाचा बर्फ होऊ लागला होता, पण समोरचं घर स्वच्छ दिसत होतं. नवऱ्याला हाक मारून सांगितलं, ‘दहा मिनिटांत येते,’ आणि सव्वाआठला निघाले.

जाताना काही झालं नाही. गोळ्यांची पिशवी घेऊन बाहेर आले तर दरवाजाचं हँडल हाताला चिकटलं, इतक्यात हवा तेवढी गार झाली होती. आदल्या रात्रीचा पाऊस रस्त्यावर काच होऊन बसलेला. मग वारा आला. मला खंबाटकीतलं धुकं माहीत आहे, कोकणातला पाऊस माहीत आहे, पण हे त्यांतलं काहीच नव्हतं. आपल्याच गाडीचं बॉनेट दिसेना. मी चालण्याच्या वेगानं गाडी पुढे नेत राहिले, एका चौकात वळले असं मला वाटलं, आणि पुढचं चाक कशावर तरी चढून खाली रुतलं. मागे-पुढे करून पाहिलं, चाक नुसतं जागेवर फिरत होतं. नऊ वाजायला आले होते. साडेनऊला वाहनबंदी लागू झाली ते मी गाडीच्या रेडिओवर ऐकलं.

नवरा म्हणाला, ‘मी येतो.’ मी फोनवर इतक्या जोरात ओरडले की तसं लग्नानंतर कधी ओरडले नसेन. दोघं अडकलो तर घरात सासूबाई एकट्या. आणीबाणीच्या क्रमांकावर पुष्कळ वेळानं फोन लागला. पत्ता घेतला, पण कुणी कधी येईल ते सांगता येणार नाही म्हणाले. त्यांचा इलाज नव्हता. त्या दिवशी बंब आणि रुग्णवाहिकाच रस्त्यात अडकल्या होत्या.

मग आजोबांचा पाठ सुरू केला. टाकी अर्ध्याच्या वर होती. दर तासाला दहा मिनिटं इंजिन चालू, तेवढ्यात हीटर आणि फोनचं चार्जिंग. पण इंजिन लावण्याआधी सायलेन्सर मोकळा करायचा. तो बर्फात बुजला असेल तर धूर आत येतो. वास नाही, रंग नाही, माणूस पेंगत पेंगत संपतो. म्हणजे दर तासाला बाहेर उतरायचं. पहिल्यांदा दार उघडलं तर वाऱ्यानं ते हातातून हिसकावलं. एक हात गाडीवरून न उचलता मागे गेले, फावड्यानं सायलेन्सर मोकळा केला, तसाच हात टेकत परत आले. गाडीची लांबी ती किती! पण हात सुटला तर गाडी सापडणार नाही, हे मला अगदी स्पष्ट कळत होतं. मागची काच बोटभर उघडी ठेवली आणि वाकळ डोक्यावरून घेतली. तिला आईच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास अजून होता.

दुपारी एकच्या सुमाराला माझं डोकं फिरलं. घर फक्त एक मैल. रोज संध्याकाळी एवढं तर मी पाय मोकळे करायला चालते. वीस मिनिटं. आपण कुठे आहोत हे आपल्याला साधारण माहीत आहे, कुंपणाच्या कडेकडेनं गेलं तर... मी बुटांची नाडी आवळलीसुद्धा. नवऱ्याचा दर अर्ध्या तासाला फोन येत होता, त्यात मी हे बोलून गेले. तो गडबडला. सासूबाईंनी त्याच्या हातून फोन घेतला.

‘अगं, उतरू नकोस हं. पसरणीच्या घाटात धुकं आलं की ट्रकवाले काय करतात? बाजूला घेऊन गपगुमान बसतात की नाही? तशी बस. चिक्की खाल्लीस का?’

मी नाडी सैल केली आणि चिक्की खाल्ली. बाकी सात तास गाडीत बंद बसलेल्या बाईच्या काय काय अडचणी होतात ते वाचक भगिनींना सांगायला नको.

पावणेचारला वारा क्षणभर थांबला. ‘थांबला’ म्हणजे पडदा जरा विरळ झाला. उजव्या हाताला लाल-हिरव्या दिव्यांची माळ दिसली. मग कठडा, पायऱ्या. एका घराच्या पायऱ्यांपासून पंधरा-वीस पावलांवर मी सकाळपासून बसले होते. रस्त्यावर नाहीच, त्यांच्या हिरवळीवर. मी हॉर्न वाजवत सुटले, दिवे उघडझाप केले. दार उघडलं, पुन्हा सगळं पांढरं झालं, आणि थोड्या वेळानं काचेवर थाप पडली. विशीतला एक मुलगा. कमरेला कपडे वाळवायची दोरी, दुसरं टोक कठड्याला बांधलेलं. मी गोळ्यांची पिशवी कोटाच्या आत घातली आणि त्याच्या मागून दोरी धरून गेले.

घर पोलिश वंशाच्या कुटुंबाचं निघालं. आमच्या भागात त्यांची वस्ती जुनी. आई-वडील, मुलगा आणि म्हातारी आजी. वीज होती, भट्टी चालू होती. त्या दिवशी हजारो घरांत नव्हती. त्या बाईंनी मला काही न विचारता आधी न्हाणीघर दाखवलं. त्यांचे उपकार मी कसे फेडू!

दुसऱ्या दिवशी नाताळची आदली रात्र. त्या दिवशी त्यांच्यात मांस शिजत नाही. शाकाहारी माणसासाठी मला काय करावं लागेल या काळजीत मी होते आणि पानात आलं बिटाचं सार आणि बटाटा-चीज भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या उकडलेल्या पिरोगी. मासे होते, ते मी बाजूला ठेवले. चौदा जणांचं केलं होतं, येणारे सगळे आपापल्या घरी अडकलेले. त्यांच्या रीतीप्रमाणे टेबलावर एक पान जास्तीचं मांडतात, अचानक कुणी आलं तर असावं म्हणून. आजी मला सांगत होत्या, इतकी वर्षं ते पान मांडलं, त्यावर कुणी बसलेलं पहिल्यांदाच पाहतेय. बाहेर वारा छप्पर उपटल्यासारखा ओरडत होता. विमानतळावरच्या नोंदीप्रमाणे ते वादळ सलग ३७ तास तसंच होतं.

रविवारी दुपारी वारा पडला. संध्याकाळी नवरा फावडं खांद्यावर टाकून चालत आला. एक मैलाला त्याला दीड तास लागला.

घरी पोहोचल्यावर मी कोटातून पिशवी काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, स्वयंपाकघरातून आपला गोळ्यांचा डबा आणला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. आत अजून चार गोळ्या होत्या.

‘निघण्याआधी विचारायचंस तरी,’ त्या म्हणाल्या. रागावून नाही. मग त्या देवाजवळ जाऊन बसल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या आठवड्यात बफेलोत आणि आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली. काही रस्त्यावर सापडली, काही वीज गेलेल्या घरात, काही बर्फ काढता काढता. आणि काही गाडीतच, म्हणजे न उतरता बसून राहिलेली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझी गोष्ट ऐकून लोक म्हणतात, ‘तुम्ही नियम पाळलेत म्हणून वाचलात.’ नियम त्यांच्यातल्याही काहींनी पाळले असतील. त्यांच्यासमोर दिव्यांची माळ नव्हती. माझी चूक साडेनऊला, एकला किंवा चारला झालेली नाही. ती सव्वाआठला, किल्ली हातात घेताना झाली, आणि ती करताना मला आपण फार कर्तव्यदक्ष सून आहोत असं वाटत होतं.

बाकीच्यांच्या गोष्टी नंतर वर्तमानपत्रांत आल्या. चीकटोवागात एका गृहस्थानं शाळेची खिडकी फोडून अडकलेल्या लोकांना आत घेतलं, आणि जाताना क्षमेची चिठ्ठी लिहून ठेवली. विल्यम्सव्हिलमध्ये दक्षिण कोरियाचे पर्यटक बस रुतली म्हणून फावडं मागायला एका दारात गेले आणि त्या घरात सगळ्यांनी मिळून कोरियन स्वयंपाक केला. ते वाचून आमच्या पोलिश आजींनी मला फोन केला, ‘तू काहीच कशी केली नाहीस?’ मग मकरसंक्रांतीला मी त्यांच्याकडे गूळपोळ्या घेऊन गेले. मुलगा गाडी चालवत न्यायला आला. मला नवऱ्यानं किल्ली दिली नाही.

माझी गाडी बुधवारी टोचन करून आणली. बॅटरी संपलेली, डाव्या आरशाचे तुकडे. त्यांच्या हिरवळीवर चाकांचे दोन चर पडले होते; ते मे महिन्यात आम्ही दोघांनी जाऊन माती आणि बी टाकून बुजवले.

आता बर्फाचा इशारा आला की सासूबाई आधी गोळ्यांचा डबा मोजून आकडा मला मोठ्यानं सांगतात. भाऊजी फोनवर विचारतात, ‘सगळी घरात आहात ना?’ डिकीतलं खोकं तसंच आहे. त्यात एका जुन्या लाल साडीचा हातभर तुकडा तेवढा वाढलाय, गाडीच्या आरशाला बांधायला.